होमवरून प्रो: पैसे भरण्याआधी काय तपासायचं

नवा लॅपटॉप घरात आला की आठ-दहा दिवसांत मला हमखास एक फोन येतो. "दुकानदार म्हणाला, यात विंडोजचं होम आहे, प्रो टाकून घ्या, मशीन पळेल." मी विचारतो, "तुमचं अडलंय काय?" पलीकडे जरा शांतता. मग उत्तर येतं, "अडलं असं काही नाही, पण प्रो म्हणजे चांगलंच असणार ना?"

मशीन पळणार नाही, हे आधी सांगून टाकतो. विंडोज ११ होम आणि विंडोज ११ प्रो आतून एकच आहेत. एक्सेल, टॅली, फोटोशॉप, गेम यांचा वेग दोन्हीकडे सारखा. डिफेंडर हा अँटिव्हायरस दोन्हीकडे तोच, सुरक्षेचे अपडेट तेच. आयुष्यही सारखंच: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तो होमवाल्यांचा आणि प्रोवाल्यांचा एकाच दिवशी. प्रोमध्ये काही जादा सोयी उघडतात आणि त्यातल्या बऱ्याचशा ऑफिसच्या कामाच्या आहेत. म्हणून "होममुळे माझं नेमकं कोणतं काम अडतंय?" याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर पाकीट बाहेर काढायची घाई करू नका.

पहिली पायरी: आपल्याकडे काय आहे ते बघा

विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबा, सेटिंग्ज उघडेल. सिस्टिममध्ये जा, अगदी तळाला अबाउट आहे. तिथे खाली विंडोज स्पेसिफिकेशन्समध्ये दोन वेगळ्या ओळी दिसतात, एडिशन आणि व्हर्जन. सगळा गोंधळ या दोन शब्दांचा आहे. विंडोज १० वरून ११ वर जाणं किंवा ११ चा दरवर्षीचा मोठा अपडेट घेणं हा व्हर्जनचा मामला, त्याला पैसे पडत नाहीत. होमवरून प्रोवर जाणं हा एडिशनचा मामला, त्याला पैसे पडतात. "अपग्रेड" हा एकच शब्द दोन्हीला वापरतात आणि तिथेच गिऱ्हाईक फसतं.

एडिशनच्या ओळीत चारपैकी एक काहीतरी दिसेल. नुसतं होम, होम सिंगल लँग्वेज, जे आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर असतं, प्रो, किंवा होमच्या पुढे एस मोड. एस मोड असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलीच ॲप्स चालतात. "बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही, म्हणून प्रो हवं" असं कोणी सांगितलं तर तो हा प्रकार असतो. एस मोडमधून बाहेर पडणं फुकट आहे. एकदा बाहेर पडलात की परत आत जाता येत नाही, एवढंच. त्यासाठी प्रो लागत नाही.

आणि एडिशनच्या ओळीत आधीच प्रो दिसलं तर चहा प्या, विषय संपला. हे विनोदाने म्हणत नाही. कंपन्यांमधून निघालेले जुने बिझनेस लॅपटॉप सेकंडहँड बाजारात येतात, त्यातल्या पुष्कळांना प्रोचं लायसन्स मुळातच असतं. विंडोज ८ च्या काळापासून लॅपटॉप कंपन्या लायसन्सची की मदरबोर्डच्या चिपमध्येच साठवून देतात, त्यामुळे नव्याने विंडोज टाकलं तरी ते आपली एडिशन आपणच ओळखतं.

ही एडिशनची भानगड जुनी आहे. २००१ मध्ये एक्सपी आलं तेव्हाही होम आणि प्रोफेशनल असे दोन डबे होतेच. विंडोज ७ च्या स्टार्टर एडिशनमध्ये तर डेस्कटॉपचा वॉलपेपरसुद्धा बदलता येत नव्हता! लोकांनी वरची एडिशन घ्यावी म्हणून मुद्दाम टोचत ठेवलेला खडा. त्या मानाने आजचं होम पुष्कळ भरलेलं आहे.

दुसरी पायरी: आपलं अडलेलं काम यात आहे का?

सगळ्यात खरं कारण म्हणजे रिमोट डेस्कटॉप. घरी बसून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम करायचं, त्याचा पडदा आपल्या लॅपटॉपवर उघडायचा. इथे एक गोष्ट नीट डोक्यात ठेवा: ज्या मशीनमध्ये शिरायचं, त्या मशीनला प्रो लागतं. ज्यावरून शिरायचं, तिथे होम चालतं.

माझ्या ओळखीच्या एक ताई एका लहानशा टॅक्स कन्सल्टंटकडे काम करतात. जीएसटीचं ३बी रिटर्न महिन्याच्या २० तारखेच्या आत भरायचं असतं. जुलैत १९ तारखेला पाऊस असा की घरातून बाहेर पडणं अशक्य, आणि टॅलीचा सगळा डेटा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. त्यांनी आदल्याच महिन्यात स्वतःच्या लॅपटॉपला प्रो घेतलं होतं, याच कामासाठी. कनेक्ट करायला गेल्या तर काहीच होईना. ऑफिसमध्ये पोचलेल्या मुलाला मी फोनवर सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप असं उघडायला लावलं. त्याने वाचून दाखवलं, तुमची होम एडिशन रिमोट डेस्कटॉपला सपोर्ट करत नाही. ऑफिसचं मशीन होम होतं. प्रो घेतलं होतं ते नेमकं चुकीच्या टोकाला.

त्या दिवशी काम भागलं ते क्रोम रिमोट डेस्कटॉपवर. ते फुकट आहे आणि होमवरही चालतं. फरक असा की त्यात ऑफिसच्या पडद्यावर तुम्ही करत असलेलं सगळं तिथल्या माणसालाही दिसतं. महिन्यातून एक-दोनदा लागत असेल तर एवढं पुरतं. रोज सहा-सात तास असंच काम असेल, पडदा लॉक राहायला हवा असेल, घरच्या प्रिंटरवर प्रिंट काढायची असेल, तर प्रोचा रिमोट डेस्कटॉप नक्कीच सरस.

तोही घेण्याआधी चार गोष्टी माहीत असू द्या. एका वेळी एकच माणूस त्या मशीनवर काम करू शकतो. तुम्ही शिरलात की तिथे बसलेल्याचा पडदा लॉक होतो. तिघांना एकाच वेळी टॅली चालवायची असेल तर प्रो घेऊन उपयोग नाही, त्याला सर्व्हरची वेगळी व्यवस्था लागते. दुसरं, रिमोटने शिरताना चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा पासवर्ड लागतो, आणि बरेच जण तो विसरलेले असतात. तिसरं, मशीन झोपलं की कनेक्शन गेलं, म्हणून स्लीप बंद ठेवा. वीज जाऊन आली तर मशीन आपोआप चालू व्हावं अशी सोय बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) असते, तीही लावून घ्या; नाहीतर दहा मिनिटांच्या लोडशेडिंगनंतर कोणाला तरी बटण दाबायला ऑफिसात पाठवावं लागतं. चौथी सगळ्यात महत्त्वाची: राउटरवर ३३८९ हा पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा, उघडून मशीन थेट इंटरनेटवर सोडू नका. कोणी "हे सोपं आहे" म्हणून करून देत असेल तर त्याचा हात धरा. फाइली ओलीस धरून खंडणी मागणारे रॅन्समवेअरवाले उघडे पोर्ट हुडकतच बसलेले असतात. टेलस्केलसारखी व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची आपली खाजगी वाट, मध्ये ठेवा आणि तिच्यातून शिरा.

दुसरं खरं कारण बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणं. लॅपटॉप एसटीत राहिला, चोरीला गेला, तर चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी त्याला काही वाचता येत नाही. पण थांबा, हे कुलूप होममध्येही असतं, फक्त त्याचं नाव डिव्हाइस एन्क्रिप्शन. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली बघा. तिथे ते दिसत असेल आणि चालू असेल, तर घरच्या माणसाचं बहुतेक काम झालं. विंडोज ११ च्या २४एच२ या व्हर्जनपासून हे बऱ्याच जास्त मशीनवर मिळतं, आणि नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं तर ते आपोआप चालूही होतं.

प्रोमध्ये त्यावर काय जास्त मिळतं? पेनड्राइव्ह आणि बाहेरची हार्डडिस्क कुलूपबंद करता येते, मशीन चालू होतानाच पिन मागता येतो, रिकव्हरी की (कुलूप अडलं तर उघडायची चावी) कुठे ठेवायची ते आपण ठरवू शकतो. वकील, डॉक्टर, सीए, लोकांची कागदपत्रं पेनड्राइव्हवर घेऊन फिरणारे, यांनी यासाठी प्रो घेतलं तर पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही. असा कुलूपबंद पेनड्राइव्ह पासवर्ड घालून होमच्या मशीनवर उघडता येतो, म्हणजे समोरच्याकडेही प्रो हवं असं नाही.

होम असो की प्रो, रिकव्हरी की म्हणजे ४८ आकडे, आणि ते कुठे आहेत हे आजच बघून ठेवा. आमच्या नात्यातल्या एका वहिनींचा लॅपटॉप बायोस अपडेटनंतर निळा पडदा दाखवून ४८ आकडे मागायला लागला. त्यांनी आयुष्यात कधी काही कुलूपबंद केलेलं नव्हतं. दोन तास शोधाशोध केल्यावर उलगडा झाला, लॅपटॉप नवीन असताना भाच्याने "मी सेट करून देतो मावशी" म्हणत स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं होतं. लॅपटॉप वहिनींचा, चावी भाच्याच्या खात्यात, आणि भाचा ट्रेकला. रेंज नाही. सोमवारी काम झालं.

तिसरं कारण खास आपलं, मराठीचं. "मराठी टाइप करायला प्रो लागतं" ही अफवा मी दोनदा ऐकली आहे. अजिबात लागत नाही. टाइम अँड लँग्वेजमध्ये मराठी भाषा जोडा, इनस्क्रिप्ट किंवा मराठी फोनेटिक कीबोर्ड निवडा, विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करा. फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून विंडोजमध्येच आहे आणि तो सिंगल लँग्वेजवरही चालतो. अडतं ते निराळं: विंडोजचे मेनू, सूचना, सगळा पडदाच मराठीत करायचा असेल तर सिंगल लँग्वेज नकार देतं, कारण तिथे पडद्याची भाषा एकच ठेवायचं लायसन्स असतं. प्रो घेतलं की हे बंधन जातं. घरात आजोबांना मराठी पडदा हवा आणि नातवाला इंग्रजी, दोघांची खाती एकाच मशीनवर, असं असेल तर हे कारण रास्त आहे. पण निव्वळ त्यासाठी इतके पैसे? आधी आजोबांना विचारा. आमच्या आबांनी मराठी मेनू दोन दिवस वापरून "ते सेटिंग होतं तेच बरं होतं" म्हणून परत इंग्रजी करून घेतलं.

बाकीची कारणं भराभर. ग्रुप पॉलिसी एडिटर प्रोमध्येच मिळतो. सायबर कॅफे, शाळेची लॅब, दुकानातलं बिलिंगचं मशीन इथे अमुक बंद, तमुक बंद असे नियम लावायला तो उपयोगी. अपडेट थांबवायला मात्र होममध्येही पाच आठवड्यांपर्यंत पॉज आहे. प्रोमध्ये नियम लावून मोठा अपडेट वर्षभर मागे ढकलता येतो. हायपर-व्ही (मशीनच्या आत दुसरं, व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) आणि विंडोज सँडबॉक्स होममध्ये नाहीत. शिकण्यासाठी व्हर्च्युअल मशीन हवं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे, आणि लिनक्स शिकणाऱ्या मुलांसाठी विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल होमवर व्यवस्थित चालतं, त्यामुळे इंजिनिअरिंगच्या पोराने "प्रोजेक्टला प्रो लागतं" म्हटलं तर प्रोजेक्टचं नाव विचारा. सँडबॉक्स मात्र मला स्वतःला फार आवडतो: ईमेलवर आलेली संशयास्पद फाइल तिथे उघडायची, बघायची, खिडकी बंद केली की सगळं पुसलं जातं. रॅमच्या मर्यादेची चिंता नको, होम १२८ जीबीपर्यंत घेतं.

ऑफिसच्या डोमेनला, म्हणजे सगळी मशीनं एका जागेवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, मशीन जोडायचं असेल तर प्रो लागतंच, तिथे पर्याय नाही. पण मग ते पैसे ऑफिसने द्यायचे. आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय स्वतः घेऊ नका, त्यांच्याकडे बऱ्याचदा कंपनीचं लायसन्स असतं.

तिसरी पायरी: किंमत बघा, पण बघण्याची जागा योग्य हवी

सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन. तिथे एडिशन अपग्रेड करण्याची ओळ असते आणि शेजारी ओपन स्टोअर. त्यावर दाबलं म्हणजे पैसे जात नाहीत, फक्त किंमत दिसते. अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींना तिथे ९९ डॉलर दिसतात. प्रोचं संपूर्ण नवं लायसन्स १९९ डॉलरचं असतं, म्हणजे होम असलेल्याने नवा डबा घेण्यात अर्थ नाही, अपग्रेडच घ्यायचं. भारतात स्टोअर रुपयांत दाखवेल तो आकडा कागदावर लिहा आणि शेजारी लिहा, याच पैशात रॅम किंवा एसएसडी किती येते. मशीन मंद आहे म्हणून प्रोकडे आला असाल, तर उत्तर त्या दुसऱ्या आकड्यात आहे.

लॅपटॉप अजून घ्यायचाच असेल तर हिशोब आणखी सोपा. प्रो आधीच असलेलं मॉडेल आणि होमचं मॉडेल यांच्या किमतीतला फरक बघा. कधीकधी तो स्टोअरच्या अपग्रेडपेक्षा कमी भरतो.

आता तीनशे-पाचशे रुपयांच्या "ओरिजिनल लाइफटाइम प्रो की"बद्दल. व्हॉट्सॲपवर येतात, ऑनलाइन दुकानांत मिळतात, गल्लीतला रिपेअरवालाही टाकून देतो. यातल्या बऱ्याच कीज कुठल्यातरी संस्थेने अनेक मशीनसाठी एकगठ्ठा घेतलेल्या व्हॉल्यूम लायसन्समधल्या असतात. त्या ठरावीक मशीनपुरत्याच असतात आणि गैरवापर दिसला की ब्लॉक होतात. मग कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" उगवतं आणि विकणाऱ्याचा नंबर लागत नाही. दुसरा प्रकार त्याहून वाईट: "आधी अँटिव्हायरस बंद करा, मग ही फाइल चालवा." ती फाइल काय काय करते ते तुम्हाला कधीच कळत नाही, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं काम करता.

कोणीतरी आधीच काही टाकून दिलं असेल तर तपासता येतं. विंडोजची कळ आणि आर दाबा, छोटी चौकट येईल. त्यात एस-एल-एम-जी-आर ही अक्षरं सलग, मग एक जागा सोडून उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ, लगेच डी-एल-आय, आणि एंटर. दोन-चार सेकंदांनी येणाऱ्या खिडकीत डिस्क्रिप्शनच्या ओळीत रिटेल (सुटं विकत घेतलेलं), ओईएम (मशीनसोबत आलेलं) किंवा व्हॉल्यूम यातला एक शब्द दिसेल. घरच्या मशीनवर व्हॉल्यूम दिसलं तर समजा, ते लायसन्स तुमचं नाही. डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर लिहिलंत तर ॲक्टिव्हेशन कायमचं आहे की त्याला तारीख आहे ते कळतं. त्या ॲक्टिव्हेटर फाइलींची बरीचशी करामत १८० दिवसांची असते.

चौथी पायरी: ठरलंच असेल तर

अपग्रेडमध्ये फाइली, सॉफ्टवेअर, सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. काही फॉरमॅट होत नाही, आणि होणार असं सांगून कोणी बॅकअपचे वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका. तरीही महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर एकदा उतरवून ठेवा. त्या अपग्रेडसाठी नाही, तशाही ठेवायलाच हव्यात.

आधी ॲक्टिव्हेशनच्या पानावर होम ॲक्टिव्ह दिसतंय याची खात्री करा. मूळ होमच ॲक्टिव्ह नसेल तर स्टोअरमधलं अपग्रेड पुढे सरकत नाही. विंडोजचे राहिलेले अपडेट पूर्ण करून एकदा रीस्टार्ट करा. लॅपटॉप चार्जरला लावा. मग स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने, भाच्याच्या नाही, स्टोअरमध्ये लॉगिन करून अपग्रेड घ्या. मशीन एक-दोनदा रीस्टार्ट होईल, टक्केवारी दिसेल, तेव्हा बटण दाबून बंद करू नका. दुकानातून खोक्यातली किंवा कार्डावरची की आणली असेल तर स्टोअरऐवजी त्याच पानावर चेंज प्रॉडक्ट की दाबून २५ अक्षरांची की भरायची.

परतीची वाट मात्र सरळ नाही. प्रोवरून होमवर यायचं तर विंडोज नव्याने टाकावं लागतं. "बघू वापरून, नाही आवडलं तर परत" हा हिशोब इथे चालत नाही.

झाल्यावर अबाउटमध्ये प्रो दिसतंय का आणि ॲक्टिव्हेशनमध्ये ॲक्टिव्ह आहे का ते बघा. स्टोअरमधून घेतलं असेल तर कोणतीही की हातात येत नाही, त्याने घाबरू नका. लायसन्स डिजिटल असतं आणि मशीनच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं. ॲक्टिव्हेशनच्या ओळीत ते तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे असं लिहिलेलं दिसलं पाहिजे. उद्या मदरबोर्ड बदलावा लागला आणि विंडोजने ओळख विसरली, तर त्याच पानावरच्या ट्रबलशूटमध्ये "अलीकडे हार्डवेअर बदललं" हा पर्याय निवडायचा, तेव्हा हे जोडलेलं खातंच कामी येतं. बिलाचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा, आणि ते ४८ आकडे वहीत लिहून वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.